एक घर, एक टोप

आमच्या घरात मीठ विकत आणलेलं मी माझं लग्न होईपर्यंत पाहिलं नाही. विहिरीत पाणी असतं, अंगणात ऊन असतं, तसं चुलीशेजारच्या मडक्यात मीठ असायचं. जाडं, करडं, बोटांना ओलसर लागणारं. आमचं मिठागर धरमतरच्या खाडीला लागून होतं आणि गावातली निम्मी घरं कुठल्या ना कुठल्या आगरात राबत होती, त्यामुळे मिठाचं अप्रूप कुणालाच नव्हतं. दात घासायला मीठ, घसा धरला की मीठ, मासळी चोळायला मीठ, पोराला दृष्ट लागली की मूठभर मीठ उतरून चुलीत. रेवसला दिलेली आत्या माहेरपणाला आली की परत जाताना साडीचोळीच्या आधी मिठाचं गाठोडं बांधून घ्यायची, आणि एवढं करून सासरी सांगायची की भावानं काही दिलं नाही.

खाण्यात तर विचारूच नका. भाकरीच्या उकडीच्या पाण्यात मीठ, भातात मीठ, ताकात मीठ, काकडी चिरली की वर मीठ. पावसाळ्यासाठी भरून ठेवलेले सुके बोंबील आणि सुकट आधीच खारवलेली, तरी ती भाजून वर पुन्हा चिमूटभर मीठ पडे, न पडलं तर मासळीचा अपमान झाल्यासारखा वाटे. पेणचे पापड आणि माठातलं कैरीचं लोणचं हे जेवणात धरायचेच नाहीत, ते ताटात असायचेच. लोकांच्या पानात डाव्या बाजूला मीठ वाढतात ते रीत म्हणून. आमच्या बाबांच्या ताटात त्या जागी एक लहानसा ढीग असे, आणि कांद्याची पाकळी, मिरची, भाकरीचा तुकडा, जे हाताला येईल ते त्या ढिगातून फिरून मगच तोंडात जाई. शेवटी ढीग उरला तर तो नुसता बोटानं चाटून संपवायचे, कारण अन्न टाकू नये अशी त्यांची शिकवण होती.

परवा पनवेलला सुनेनं मला काचेच्या बरणीतलं गुलाबी मीठ दाखवलं. लांबच्या कुठल्या डोंगरातलं आहे, आरोग्याला फार चांगलं, असं त्या बरणीवरही लिहिलं होतं आणि तिच्या फोनवरही आलं होतं. मी चाखून पाहिलं. मीठ होतं. बाबा असते तर म्हणाले असते, डोंगरावर मीठ पिकतं तर आमी काय जन्मभर चिखलात उगाच उभे होतो? सुनेला मी फक्त एवढंच सांगितलं की बाई, रंग कुठलाही असो, घालायचं ते कमी घाल.

बाबांचा, म्हणजे गावाच्या नानांचा, गावात एक मान होता, आणि तो त्यांच्या जिभेचा होता. आगरावर खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत घट्ट करत नेतात, आणि ते मीठ धरायला तयार झालं की नाही हे बाबा करंगळी बुडवून जिभेच्या टोकाला लावून सांगत. चाखायचे, थुंकायचे, आणि म्हणायचे, अजून उद्याचं ऊन लागंल. तसंच व्हायचं. म्हणून मग गावात कुठलंही मोठं जेवण असलं, लग्न म्हणा, सत्यनारायण म्हणा, बारसं म्हणा, की पहिली पळी बाबांच्या तळहातावर पडायची. गावचा आचारी चांगूदादा हा बाबांहून वयानं लहान, अंगानं दुप्पट. तो मुद्दाम मीठ कमी घालून सुरुवात करी, पळी घेऊन बाबांकडे येई, बाबा चाखून आभाळाकडे बघत आणि म्हणत, अजून. चांगू मूठ टाकून ढवळे, पुन्हा येई. अजून. मग एकदाचं ते म्हणत, बरोबर हाय, आणि त्यानंतरच पंगत बसे. यजमान, आचारी, नवरीचा मामा, सगळे त्या दोन शब्दांसाठी ताटकळत उभे असायचे. बाबांना ते ताटकळणं फार आवडायचं. आई म्हणायची, पहिल्या घासालाच कळतं यांना, आभाळात काय लिहिलेलं असतं कुणास ठाऊक.

मी बाराएक वर्षांची असेन, माझा धाकटा भाऊ बाल्या माझ्या निम्म्या वयाचा. चैत्रातलं ऊन होतं, वाफ्यांतून मीठ ओढायचे दिवस होते, आणि बाबा भर दुपारी आगराच्या बांधावर डोकं धरून खाली बसले ते त्यांना उठताच येईना. गड्यांनी उचलून घरी आणलं, शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून पेणला नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून फुगवला, उतरवला, पुन्हा फुगवला, आणि आईला विचारलं, यांच्या घरात आधी कुणाला असं झालंय का. आईनं सासऱ्यांचं सांगितलं. माझे आजोबा त्याच बांधावर, असेच भर दुपारी पडले होते. आई तेव्हा नवी नवरी होती आणि त्यांची भाकर घेऊन तीच आगरावर गेली होती. आजोबा उठले नाहीत. गावानं ठरवलं की त्यांना बांधावरचं वारं लागलं, आणि ते सगळ्यांनी मानलं.

डॉक्टरांनी वारंबिरं मानलं नाही. रक्तदाब फार वाढलाय, गोळी रोज घ्यायची, आणि मीठ निम्म्याच्याही खाली आणायचं, सुकी मासळी, पापड, लोणचं जवळजवळ बंद, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. बाबांनी गोळ्या खिशात टाकल्या आणि मिठाचं ऐकून हसले. घरी येऊन ओटीवर बसलेल्यांना ते सांगू लागले, मिठागरवाल्याला बोलतो मीठ सोड, उद्या कोळ्याला बोलंल पान्यात उतरू नको. ओटीवरचे सगळे हसले. आई आत चुलीपुढे होती, ती हसली नाही हे मला दिसलं, कारण मी तिच्या शेजारी वाल सोलत बसले होते.

आईनं आधी सरळ मार्ग धरला. दुसऱ्याच दिवशी तिनं बाबांसाठी एका लहान टोपात वेगळी आमटी केली, मिठाचा नुसता वास दाखवलेली. बाबांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. आमच्याकडे भाऊ भाऊ वेगळे झाले की लोक म्हणत, त्यांचा टोप वेगळा झाला. माझे काका वर्षभरापूर्वी असेच वेगळे निघाले होते. एकाच अंगणात दोन चुलींचा धूर निघायला लागला त्या दिवशी बाबा जेवले नव्हते. त्यामुळे तो लहान टोप बघून त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, "एक घर, एक टोप. सगल्यांचा तोच माझा. दुसरा टोप या घरात चढनार न्हाय." आणि बाल्याच्या ताटातली आमटी आपल्या भातावर ओढून घेतली.

आईनं लहान टोप घासून फळीवर पालथा घातला. नवऱ्यानं एक टोप म्हटलं ना, मग एकच टोप, असं तिनं मनाशी धरलं असावं. दुसऱ्या दिवशी आमटी उकळायला लागली तसं तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, आजपासून मीठ तू टाकायचंस. मला केवढा अभिमान वाटला. आमच्या घरात मिठाचं माप म्हणजे मूठ, आणि ते काम आईशिवाय कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं. मी मडक्यात हात घालून चांगली भरलेली मूठ काढली आणि टोपात सोडली. आईची मूठ भाताची रोपं उपटून आणि सरपणाची फाटी फोडून रुंद झालेली. माझी मूठ तिच्या मुठीत बसून वर जागा उरेल एवढी. हे माझ्या लक्षात यायला काही महिने लागले, बाबांच्या तर आलंच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी घास थांबवून संशयानं विचारलं, मीठ घातलंस ना रोजचं? आई भाकरी थापता थापता म्हणाली, व्हय, मूठभर घातलंय, पोरीला इचारा. मी मोठ्या अभिमानानं मान हलवली. आई खोटं कधीच बोलत नसे, आणि त्या दिवशीही बोलली नाही.

मग हळूहळू तिनं बाकीच्याला हात घातला. सुकट आधी नुसती झटकून घेत, ती आता गरम पाण्यात भिजत पडायला लागली, एकदा पाणी ओतायचं, पुन्हा भिजवायची, पुन्हा ओतायचं, आणि मग कांदा, लसूण, ओली मिरची आणि भरपूर कोकम घालून परतायची. भाकरीच्या पाण्यातलं मीठ गेलं, भातातलं गेलं, आणि खरं सांगते, त्या दोन ठिकाणचं गेलेलं कुणालाही कळलं नाही. पापडाचा डबा माळ्यावर चढला, पाहुणे आले की उतरायचा. बाबांच्या ताटातला ढीग एकदम काढला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून तो रोज थोडा थोडा खचत गेला, आणि जसजसा खचला तसतशी त्याच्या शेजारी कधी लिंबाची फोड, कधी कैरीची, कधी आंबाड्याचं ठेचलेलं फळ येऊन बसायला लागलं. आंबट बघितलं की बाबांचा हात आपोआप तिकडे जायचा. पावसाळ्यात परसातल्या काकड्या, पडवळं, दोडके, आणि रानातली भारंगी, टाकळा, कुरडू यांच्या भाज्या ताटात निम्म्या जागेवर बसल्या. आगरालगतच्या तळ्यातला जिताडा किंवा खाडीतली बोयटं मिळाली की सुक्याला सुट्टी. ताज्या मासळीला मीठ कमीच लागतं, असं आई म्हणायची, जसं काही तिनं ते लहानपणापासून ऐकलं होतं.

आता मला बायका विचारतात, घरातल्यांचं खाणं कसं सुधारायचं, मुलं ऐकत नाहीत, नवरा ऐकत नाही. मी सांगते, सांगू नका. आमच्या आईनं कुणालाही काहीही सांगितलं नाही. ताटात काय आधी येतं, काय हाताशी ठेवलंय आणि काय माळ्यावर, एवढंच तिनं बदललं. मीठदाणी माझ्याही जेवणाच्या टेबलावर नसते. ती आत कपाटात असते, ज्याला हवी त्यानं उठून आणावी. उठायचा कंटाळा फार गुणाचा असतो.

भाताची लावणी उरकली तोवर माझी मूठ भरायला लागली होती. एका दुपारी आईनं माझा हात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, वाढलीस गो, आता बाल्याला बोलव. तेव्हा माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे, आणि दोघीही कामाला लागलो. बाल्याला पाटावर उभं करून मीठ टाकायला लावलं. त्याची मूठ म्हणजे एक मोठासा आवळा, त्यातलंही निम्मं टोपाच्या बाहेर सांडायचं. बाबा कौतुकानं बघायचे. मिठागरवाल्याचा पोर, आतापासून हात बसलाय, असं आल्यागेल्याला सांगायचे.

आई रोज हातावर ठेवी त्या गोळीचा आणि या सगळ्याचा परिणाम असा झाला की पेणच्या डॉक्टरांनी पट्टा फुगवून बघितला आणि बाबांची पाठ थोपटली. बाबा घरी येऊन ओटीवर म्हणाले, मी मीठ सोडलं न्हाय, जेवतो तसाच जेवतो, तरी आकडा उतरला, डाक्टरला काय कलतं. आत आई पदर तोंडाला लावून बसली. काकांच्या घरी गौरीचं जेवायला गेलो तेव्हा तर कमालच झाली. बाबांनी तिथली आमटी खाऊन पाणी मागितलं आणि घरी येताना आम्हाला सांगितलं, बघा, येगली चूल केली की हात सुटतो, केवढा मीठ. आई म्हणाली, व्हय, लोकांच्या हाताचा काय भरवसा.

आमच्याकडे पावसाळ्यात लग्नं होत नाहीत, मोठ्या पंगती उठत नाहीत, त्यामुळे बाबांच्या जिभेची परीक्षा घ्यायची वेळ त्या मधल्या महिन्यांत कुणावर आलीच नाही. ती आली तुळशीचं लग्न लागल्यावर. बाबांचा जिवलग मित्र कान्हादादा, त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. वऱ्हाड रेवसच्या बाजूचं, माणसं मानी, खातीपिती. कान्हादादानं मुलीच्या लग्नाच्या जेवणासाठी वर्षभर तयारी केली होती. सकाळपासून चांगूदादाचे टोप चढले होते, वालाचं बिरडं, वांगी-बटाट्याची भाजी, आमटी. बाबा धुतलेलं धोतर नेसून मांडवाच्या मागे जाऊन उभे राहिले. मी आणि इतर पोरी तिथेच फुलं निवडत होतो. चांगूनं नेहमीसारखं कमी मीठ घालून पहिली पळी बाबांच्या तळहातावर सोडली. बाबांनी चाखलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, बरोबर हाय.

चांगूदादा पळी घेऊन तसाच उभा राहिला. पहिल्या फेरीला बरोबर असं त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानं विचारलं, नाना, पुन्हा एकदा बघता काय? बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो निमूट भाजीच्या टोपाकडे वळला. भाजीही बरोबर निघाली, आमटीही. चांगूच्या हातातली मिठाची परात भरलेली ती भरलेलीच राहिली. बाबांच्या शब्दावर मीठ टाकायची गावात कुणाची छाती नव्हती. मी मात्र फुलं निवडायची थांबले, कारण बाल्याची मूठ गावात दोघींनाच ठाऊक होती, आणि आई त्या वेळी नवरीकडे होती.

पंगत बसली. पहिले घास गेले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग नवऱ्या मुलाचा म्हातारा चुलता, मिशाळ, सावकाश बोलणारा, त्यानं घास खाली ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मिठागराच्या गावात आलो, म्हनून घरून मीठ आनलं न्हाय. चुकलं आमचं." वऱ्हाडात हशा पिकला. चांगूदादा मिठाची परात घेऊन पंगतीतून धावायला लागला, त्याच्या मागे दोन वाढपी, प्रत्येक पानावर चिमूट टाकत. आणि या सगळ्या धावपळीत बाबा मजेत जेवत होते. त्यांनी बिरडं दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं. परात त्यांच्या पानापाशी आली तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं, काय झालं, मीठ कशाला वाटता? चांगू परात घेऊन पुढच्या पानाकडे सरकला. पंगतीतल्या आमच्या गावच्या माणसांनी माना खाली घातल्या. कान्हादादा, ज्याच्या मुलीच्या लग्नाची शोभा झाली होती, तो बाबांजवळ येऊन बसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "जोमा, तुझी तब्येत बरी हाय ना?"

बाबा अर्ध्या जेवणावरून उठले. मी त्यांच्या मागे घरी गेले, आई माझ्या मागून आली. ओटीवर बसून बाबा आपल्या तळहाताकडे बघत होते, जिथे पळी पडली होती. जीभ गेली, असं ते म्हणाले, आजारात माणसाची जीभ जाते तशी माझी गेली. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. आगरावरचं पाणी आता कोण चाखणार, हेही त्यांनी स्वतःलाच विचारलं. त्या माणसाच्या हातात दुसरं काय होतं? शेत काकांच्या वाट्याला गेलेलं, शिक्षण नाही, होता तो एक शब्द, बरोबर हाय, आणि आज तोही गावानं पानात तसाच ठेवला होता. मला आईचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी वाटलं, आईनं काही सांगू नये.

आई त्यांच्यासमोर खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. मुठीचं, सुकटीच्या पाण्याचं, माळ्यावरच्या डब्याचं. बाबांनी विचारलं, कवापासून? ती म्हणाली, तुमी बांधावर बसलाव तवापासून. मग तिला रडू फुटलं. "तुमच्या बापाची भाकर घेऊन त्या बांधावर मी गेलेली. भाकर तशीच परत आनली. मना तशी भाकर पुन्हा आनायची नव्हती." आई रडताना मी तोवर पाहिली नव्हती, बाबांनीही पाहिली नसावी.

पण एवढ्यानं राग विझेल असा तो माणूस नव्हता. ते म्हणाले, आता ऊठ आणि माझ्यादेखत आमटी कर, तुझ्या हातानं, तुझ्या मुठीनं. आई उठली. तिनं डोळे पुसले, चूल पेटवली, टोप चढवला, आणि बाबा उंबऱ्यात बसून बघत असताना मडक्यात हात घालून आपली जुनी, रुंद, भरलेली मूठ टोपात सोडली. आमटी उकळली. तिनं भात वाढला, वर आमटी ओतली, ताट पुढे ठेवलं. बाबांनी मोठा घास घेतला. चावायचे थांबले. गिळला. हट्टानं दुसरा घेतला आणि तो तोंडात असतानाच पाण्याच्या तांब्याकडे हात नेला. तांब्या रिकामा करून त्यांनी ताट सरकवलं. शेवटी ते म्हणाले, "खारट हाय. बाल्या कुटं गेला?"

त्यानंतर मात्र त्यांनी जेवण चाखायचं सोडलं. आगरावरचं पाणी ते अजूनही बिनचूक सांगत, कारण पाणी खारट की फार खारट एवढंच तिथे बघायचं असतं, आणि खारट तर त्यांना आता लांबून कळत होतं. पण माघात सत्यनारायणाचं जेवण होतं तेव्हा बोलावणं येऊनही ते घरीच बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं तरी पंगत बसेना. मग चांगूदादाच पळी घेऊन, वर दुसऱ्या हाताचं झाकण धरून, वाटभर सांभाळत आमच्या दारात आला. बाबा म्हणाले, आता माझ्या जिभेवर काय ऱ्हायलंय, तूच बघ. चांगूदादा म्हणाला, "तुमी बरोबर बोलल्याशिवाय लोकं बसत न्हाईत, नाना. तुमी नुसते बोला. मागचं मी बघतो." बाबांनी हात पुढे केला, चाखलं, आभाळाकडे पाहिलं, बरोबर हाय म्हणाले. चांगू परत गेला आणि त्यानं टोपात वरून आणखी मीठ टाकलं. जेवण फर्मास झालं. तेव्हापासून ती रीतच पडली. बाबा बरोबर म्हणत, पाठ फिरवून चालायला लागत, आणि त्यांची पाठ फिरली की चांगू नानांची मूठ म्हणून जास्तीची मूठ टोपात सोडी. बाबांना हे ठाऊक होतं. पाठ फिरवल्यावर ते मुद्दाम सावकाश चालायचे, चांगूला घाई होऊ नये म्हणून.

बाबा पुढे खूप जगले, नातवंडांच्या लग्नांत नाचले. आमच्या आगरावर आता ट्रक उभे राहतात आणि मडक्यातलं जाडं मीठ कुणाच्या घरी दिसत नाही. पण मला तो काळ आठवला की शेवटी आठवतं ते माझं स्वतःचं लग्न. मांडव आमच्याच अंगणात होता. काकाही होते, दोन्ही चुलींची माणसं त्या दिवशी एकाच कामाला लागली होती. मी हळदीच्या अंगानं मागच्या दारात उभी होते, नवरीनं तिथे उभं राहू नये असं चार बायकांनी सांगूनसुद्धा. चांगूदादानं पळी आणली. बाबांनी चाखलं, आभाळाकडे पाहिलं, म्हणाले, बरोबर हाय. चांगूनं एक हात मिठाच्या परातीत घालून ठेवला आणि बाबांची पाठ फिरायची वाट बघू लागला. बाबांनी पाठ फिरवली नाही. ते तिथेच उभे राहिले. चांगूचा हात परातीत, सगळे ताटकळलेले, आणि मला वाटलं, आज मुलीच्या लग्नात हा माणूस पुन्हा फजिती करून घेणार.

"थांब," बाबा म्हणाले. "मूठ पडायच्या आदी एक टोप येगला काढून ठेव. माझ्या घरच्यांचा."

आई तांदळाचं सूप घेऊन तिथून चालली होती, ती जागच्या जागी थांबली. इतक्या वर्षांत तिनं त्यांना या गोष्टीवरून कधी चिडवलं नव्हतं, पण त्या दिवशी तिला राहवलं नाही. म्हणाली, एका घरात दोन टोप काय वो?

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "टोप दोन झाले तरी चालंल," ते म्हणाले. "मानसं पुरी ऱ्हायला हवीत."

चांगूदादानं फळीवरचा तो लहान टोप मागून घेतला, त्यात बिरडं काढलं आणि वर झाकण ठेवलं. वऱ्हाडाच्या पंगतीत नवऱ्याशेजारी बसायच्या आधी आईनं मला त्यातलेच चार घास भरवले. बिरडं अगदी बरोबर होतं.